रिव्हॉल्व्हरवर रेड डॉट बसवणं आणि झीरो करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी रेंजवर पोह्यांची पुडी उघडायच्या आत कोणीतरी येऊन विचारतंच, "तो लाल ठिपका माझ्या रिव्हॉल्व्हरवर बसेल का हो?" तो ठिपका म्हणजे रेड डॉट, नेम धरायला नळीच्या वर बसवायची साइट, आणि झीरो करणं म्हणजे ठिपका दिसतो तिथेच गोळी लागेल अशी ती जुळवणं. तीच ती उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी गनस्मिथ नाही. पीथमपूरला टूल रूममध्ये एकवीस वर्षं काढली, त्यामुळे स्क्रू, आटे आणि घाई करणारी माणसं या तिघांशी जुनी ओळख आहे. खाली जे आहे ते लायसन्सवाल्या हत्यारासाठी आणि रेंजवरच्या वापरासाठी.

रेड डॉट म्हणजे लेझरच ना?

नाही, आणि हा गैरसमज इंदूरमध्ये तरी सगळ्यात जास्त आहे. लेझर समोर टार्गेटवर जाऊन पडतो. रेड डॉटमध्ये मागच्या बाजूला एक बारीक एलईडी असतो, त्याचा प्रकाश समोरच्या वाकड्या काचेवर आपटून तुमच्या डोळ्यात परत येतो, टार्गेटवर काही पडत नाही. काचेवरचा थर फक्त लाल रंग परतवतो आणि बाकीचा उजेड आरपार सोडतो, म्हणून टार्गेट दिसतं आणि त्यावर ठिपका तरंगल्यासारखा वाटतो. कल्पना जुनी आहे, दुर्बिणी बनवणाऱ्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली पेटंट घेतलं होतं, बॅटरीवाली बाजारात आणली स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ च्या सुमारास.

मग स्पर्धेत चालेल का?

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, पिस्तूल प्रकारांत चालत नाही, तिथे उघडी साइटच लागते. आपल्या शेजारच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचे विजय कुमार यांनी २०१२ ला लंडनमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य घेतलं ते साध्या लोखंडी साइटवरच. त्यामुळे पोरगं ज्युनिअरला खेळत असेल तर त्याच्या डोक्यात हे खूळ घालू नका.

मग बसवायचा कशाला?

डोळ्यांसाठी, दुसरं काय. लोखंडी साइटमध्ये मागची खाच, पुढची मक्खी आणि टार्गेट अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात, आणि पन्नाशीनंतर मक्खी धूसर व्हायला लागते. आमच्या रेंजवर रामबागेतले एक काका आहेत, सदुसष्ट वर्षांचे, त्यांच्याकडे जुनं इम्पोर्टेड .२२ रिव्हॉल्व्हर आहे आणि दोन वर्षं ते चष्म्याचे नंबर बदलत बसले होते, कधी वाचायचा चष्मा तर कधी लांबचा, शेवटी डॉट बसवला. आता टार्गेटकडे बघायचं, ठिपका आपोआप त्यावर येतो, दोन्ही डोळे उघडे.

माझं कानपूरचं .३२ आहे, त्यावर बसेल?

नका बसवू. आपल्याकडे बहुतेकांकडे असलेलं ते जुन्या वेब्लीच्या धाटणीचं, मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर आहे, निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हरही त्याच घराण्यातलं. त्यात वरची पट्टी नळीबरोबर खाली झुकते आणि मागे खिटीने अडकते. त्या पट्टीवर ना जाडी आहे ना सपाट जागा, आणि मागचा भाग तर खिटीचाच. तिथे भोक पाडणं म्हणजे ज्या एका पट्टीवर सगळा जोर येतो तीच पोखरणं. २०२३ मध्ये आलेलं प्रबल बाजूला उघडतं, पण तेही छोट्या नळीचं जवळ बाळगायचं हत्यार आहे, टार्गेटचं नाही. त्यावर खर्च करण्यापेक्षा तेवढ्या पैशात काडतुसं घ्या.

ज्यावर बसतो ती म्हणजे ॲडजस्टेबल मागची साइट असलेली सलग फ्रेमची टार्गेट रिव्हॉल्व्हर. स्मिथ ॲण्ड वेसनच्या गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या साइटच्या पट्टीखाली कंपनीनेच भोकं पाडून आटे दिलेले असतात. रुगरच्या सुपर रेडहॉकवर रिंग बसवायला खोबणी असतात. टॉरसने तर काही मॉडेल डॉटसाठी तयारच काढलीत, टोरो नावाने.

भोकं नाहीयेत, पण ओळखीचा लेथवाला आहे, अर्ध्या तासात ड्रिल मारून देतो म्हणतो.

देईल हो, अर्ध्या तासात देईल, आणि तुमचं लायसन्सही त्याच अर्ध्या तासात अडचणीत येईल. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायला करणाऱ्याकडे तसं लायसन्स लागतं. सियागंजमधला उत्तम कारागीर असला तरी त्याच्याकडे ते नसतं. मी स्वतः आयुष्यभर ड्रिल मारलेत, तरी दुसऱ्याच्या रिव्हॉल्व्हरला ड्रिल लावणार नाही. लायसन्सवाल्या गनस्मिथकडे जा, पावती घ्या, ती जपून ठेवा. कंपनीच्या तयार भोकांवर माउंट, म्हणजे डॉट बसवायची पट्टी, कसणं हे वेगळं, त्यात हत्यारात बदल काही होत नाही.

ठिपका केवढा घ्यावा? ३ की ६?

हे एमओए म्हणजे कोनाचं माप. १ एमओए १० मीटरवर सुमारे २.९ मिलीमीटर, २५ मीटरवर ७.३. म्हणजे ३ एमओएचा ठिपका २५ मीटरवर २२ मिलीमीटर झाकतो आणि ६ चा ४४. त्या अंतरावरच्या प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिलीमीटर असतं, मग ६ चा ठिपका जवळपास अख्खा दहा गिळतो. टार्गेटसाठी ३ घ्या. मोठा ठिपका पटकन सापडतो, म्हणून झटपट मारणाऱ्यांना तो आवडतो, पण आपल्याकडे घाई कोणाला आहे.

दुसरं, अगदी स्वस्तातला, एअरगनसाठी म्हणून विकतात तो घेऊ नका. .२२ वर तो महिनाभर टिकेलही, पण .३५७ च्या धक्क्याने आतलं सोल्डरिंग सुटतं आणि ठिपका मिणमिणायला लागतो.

बसवायचं कसं? नीट सांगा.

सांगतो, पण चहा आधी संपवा, टेबलावर कप नको.

सगळ्यात आधी सिलिंडर उघडा, काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी बघा, मग बोट लावून मोजा. दहा घरांचं असेल तर दहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. हे वाचून हसू येत असेल तर पुढचं वाचू नका.

आता मागची साइट काढायची. स्मिथमध्ये पट्टीच्या पुढच्या टोकाला एक बारीक स्क्रू असतो तो आधी काढायचा, मग उंचीचा स्क्रू उलटा फिरवत राहायचा, तो खालच्या नटमधून सुटला की पट्टी उचलली जाते. तो खालचा नट ज्वारीच्या दाण्याएवढा आहे आणि बाजूला सरकून पडतो. काकांचा नट माझ्या हातून पडला, फरशीवर टिंग असा आवाज आला आणि मग आम्ही दोघं जमिनीवर रांगत होतो, काकू दारात उभ्या राहून विचारतायत, "काय हरवलंय?" शेवटी पायपुसण्याखाली सापडला. तेव्हापासून मी खाली जुना टॉवेल अंथरतो आणि काढलेलं सगळं डबीत टाकतो, कारण पुढेमागे लोखंडी साइट परत लावायची झाली तर तो नट इथे कुठे मिळणार.

स्क्रू ड्रायव्हर नेमका बसणारा हवा. घरातला निमुळत्या टोकाचा घेतलात तर स्क्रूच्या खाचेची वाट लागते. भोकांत कारखान्यातलं तेल असतं, ते ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल लावलेल्या इअरबडने काढा, दोन-तीनदा, बड पांढरा निघेपर्यंत.

मग माउंट नुसतं ठेवून बघा, स्क्रू हाताने दोन आटे लावा. डगमगतंय का? खाली टेकलंय का? आता महत्त्वाचं, स्क्रूची लांबी. लांब स्क्रू फ्रेमच्या आत डोकावतो आणि सिलिंडरला घासतो, नाहीतर पुढच्या भोकात नळीच्या आट्यांवर जाऊन टेकतो आणि तुम्हाला वाटतं घट्ट झाला, माउंट मात्र सैलच. म्हणून कसल्यावर सिलिंडर बंद करून हाताने पूर्ण एक फेरी फिरवा, प्रत्येक घर मोकळं फिरलं पाहिजे. आणि माउंटबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. हे आटे इंची मापाचे असतात, आपल्या पेटीतला मेट्रिक स्क्रू दोन फेऱ्या जातो आणि मग आटे मारतो. गेलेले आटे परत येत नाहीत.

सगळं जमलं की स्क्रू काढा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, परत कसा. माउंट फ्रेमवर आधी, त्यावर डॉट नंतर.

थ्रेडलॉकर किती लावायचा आणि कसायचं किती?

एक थेंब, तोही पुढच्या तीन-चार आट्यांवर पसरलेला. निळा म्हणजे निळाच, लाल लावलात तर काढायला गरम करावं लागेल आणि डॉटची इलेक्ट्रॉनिक्स गरम करणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. एकाने शंभर नंबरी मेहनत करून अर्धी बाटली ओतली, ते ओघळून बटणात गेलं, आता त्याच्या डॉटचं ब्राइटनेस कमी होतं पण वाढत नाही.

कसायला कंपनीच्या कागदावर आकडा असतो, बहुतेक छोट्या डॉटना १२ ते १५ इंच-पाउंडच्या आसपास, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या जवळपास. हे फार कमी आहे. अॅलन कीचं लांब टोक हातात धरून जोर लावला तर आपण तिप्पट कसतो. छोटा टॉर्क ड्रायव्हर मिळतो, चार जणांत मिळून घ्या. कसून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. मग चोवीस तास हात लावू नका, म्हणजे आज बसवलं तर फायरिंग उद्या.

झीरो किती अंतरावर आणि कसं?

दोन टप्प्यांत. पहिला १० मीटरवर, नुसतं कागदावर यायला, दुसरा २५ वर. थेट २५ वर सुरू केलंत तर पहिले बारा राउंड कुठे गेले हेच कळत नाही आणि इम्पोर्टेड .२२ चा भाव तुम्हाला माहितीये.

टेबलावर वाळूची पिशवी. मनगटं आणि फ्रेमचा खालचा भाग टेकवा, नळी टेकवू नका, नळी टेकवली की गोळी वेगळीकडे जाते. आणि ही रिव्हॉल्व्हरची खास गोष्ट, पिस्तूलवाल्यांच्या लक्षात राहत नाही: सिलिंडर आणि नळीच्या मधे कागदाएवढी फट असते आणि तिथून गरम गॅस बाजूला फुटतो. पिशवी तिथे आली तर कापड फाटतं, अंगठा आला तर अंगठा. डाव्या हाताचं कुठलंही बोट सिलिंडरच्या पुढे नको.

हॅमर मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्ये मारा, झीरो करताना नुसता चाप ओढून मारायची, डबल ॲक्शनची हौस नको. पाच राउंडचा ग्रुप मारा. पाचही झाल्याशिवाय डॉट वर-खाली, डावा-उजवा सरकवायच्या स्क्रूला हात लावायचा नाही. एक गोळी गेली की लगेच त्या स्क्रूचे दोन क्लिक, मग दुसरी गेली की उलटे दोन क्लिक, असं करणारे मी दर रविवारी बघतो आणि दुपारपर्यंत ते तिथेच असतात, कारण ते डॉट झीरो करत नसतात, आपल्याच चुकांच्या मागे पळत असतात. ग्रुपचा मध्य काढा, त्यापासून दहाच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा, मग क्लिक.

समजा डॉटचा एक क्लिक १ एमओएचा आहे, आणि २५ मीटरवर ग्रुप ५ सेंटीमीटर खाली आणि ३ सेंटीमीटर उजवीकडे पडला. ५० भागिले ७.३, म्हणजे ७ क्लिक वर. ३० भागिले ७.३, म्हणजे ४ क्लिक डावीकडे. हेच ५ सेंटीमीटर १० मीटरवर असते तर १७ क्लिक लागले असते, म्हणून अंतर आधी मोजा. पुन्हा पाच राउंड. नीट मारलं तर वीस-पंचवीस राउंडांत काम होतं.

"अप" फिरवलं तर ठिपका खाली गेला, डॉट खराब आहे का?

नाही, बरोबर आहे. बहुतेक डॉटवर बाण लिहिलेला असतो तो गोळी कुठे जाईल याचा. ठिपका खिडकीत खाली गेला की तो टार्गेटवर आणायला तुम्ही नळी वर करता, मग गोळी वर. डोकं जास्त लावू नका, बाण बघा.

लेझर काडतूस (काडतुसाच्या आकाराचा लेझर) टाकून घरीच झीरो केलं, रेंजवर सगळं भलतीकडेच. का?

कारण रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असते, म्हणून गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच तोंड थोडं वर उचललं जातं. बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणूनच फ्रंट साइट एवढी उंच असते. बाजूने पट्टी धरून बघा, नेम सरळ धरलेला असताना नळी खाली बघत असते. लेझर स्थिर नळी कुठे बघते ते सांगतो, गोळी सुटताना ती कुठे असेल ते त्याला काय माहीत. .३५७ मध्ये हा फरक चांगलाच दिसतो, .२२ मध्ये कमी. ह्याच कारणाने जड आणि हळू गोळी बहुतेक वेळा वर लागते, ती नळीत जास्त वेळ राहते. त्यामुळे काडतूस बदललं की झीरो पुन्हा बघायचं. लेझर पहिली गोळी कागदावर यावी एवढ्यापुरता ठीक.

२५ ला बरोबर, ५ मीटरवर खाली लागतं.

लागणारच. डॉट नळीच्या मध्यापासून चारेक सेंटीमीटर वर बसलाय. २५ वर दोन्ही रेषा भेटवल्यात, मग ५ मीटरवर .२२ साधारण अडीच-पावणेतीन सेंटीमीटर खाली लागेल. लक्षात ठेवा, डॉट फिरवू नका.

ठिपका गोल दिसत नाही, फुटलेल्या बिब्ब्याच्या गोडंबीसारखा दिसतो.

आधी ब्राइटनेस कमी करा, अर्धे लोक तिथेच बरे होतात. तरीही पसरलेला असेल तर मोबाइलचा कॅमेरा डॉटच्या मागे धरून फोटो काढा. फोटोत गोल आला तर डॉट ठीक आहे, तुमच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, दुकानदाराशी भांडू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी दुकानदाराशी भांडलो होतो.

ठिपका फार नाचतो, मन लागत नाही.

पहिल्या दिवशी काका पण हेच म्हणाले.

"अरे, हा ठिपका नाचतोय बघ, सैल आहे काहीतरी."

"काका, ठिपका नाही, हात नाचतोय. पूर्वीपण नाचायचा, तेव्हा दिसत नव्हता."

"मग आधीच बरं होतं की रे!"

नाचू द्या. दहाच्या वर्तुळात नाचतोय ना, मग चाप हळूहळू मागे घेत राहा. तो थांबला की चटकन ओढू असं ठरवलंत की झटका बसतो आणि गोळी सातात. सरावासाठी घरी स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालून कोरडं फायर करा, भिंतीवर टाचणीएवढी खूण करून. .२२ मध्ये रिकाम्या घरावर हॅमर मारू नका, पिन घराच्या काठावर आपटते.

झीरो टिकत नाही.

नेलपॉलिशची रेघ बघा. मग डॉटचे स्क्रू. मग दुसऱ्या कोणाला तरी त्याच रिव्हॉल्व्हरने टार्गेटवर फायर करायला सांगा, हे कोणाला आवडत नाही पण करा. सगळं ठीक असेल तर सिलिंडरच्या घरांना मार्करने नंबर घाला आणि प्रत्येक घरातून वेगळ्या कागदावर पाच-पाच मारा. कधीकधी एकच घर वेगळीकडे फेकतं, आणि आपण महिनाभर डॉटला शिव्या घालत असतो. काकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सात नंबरचं घर असं आहे. आता ते नऊच भरतात.

समोरची काच काळी होते.

फटीतून आलेला गॅस, काजळी आणि शिसं. माउंट जितका पुढे तितकी काच घाण, म्हणून शक्यतो मागे बसवा. शंभरेक राउंडांनंतर लेन्सचं लिक्विड लावून दोन मिनिटं भिजू द्या, मग मऊ सुती कापडाने पुसा. नखाने खरवडायचं नाही, शर्टाच्या टोकाने तर नाहीच.

बॅटरी आणि आपलं हवामान?

बहुतेकांत २०३२ किंवा १६३२ चा सेल येतो. काहींमध्ये सेल खालून असतो, म्हणजे बदलताना डॉट काढावा लागतो आणि परत झीरो तपासावं लागतं. घेतानाच बाजूने किंवा वरून सेल बदलता येणारा घ्या. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पावसाळ्यात एसी गाडीतून बाहेर काढला की काचेवर बाफ येते, दहा मिनिटं थांबा.

निवडणुकीत हत्यार जमा करावं लागतं, डॉटचं काय?

सेल काढून घ्या, डॉट माउंटसकट राहू द्या, वर कापडाची पिशवी चढवा आणि पावतीवर साइटसह असं लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं. परत मिळालं तेव्हा काचेवर एक आडवा ओरखडा होता आणि कोणी केला हे विचारायची सोयच नव्हती. घरी आणल्यावर रेघ बघा आणि पुढच्या रविवारी १० मीटरवर पाच राउंड मारून घ्या, सात नंबरचं घर सोडून.